हॅमंटनच्या शेतावरची ड्राय ब्लूबेरी वाइन

दक्षिण न्यू जर्सीमधील हॅमंटन गावाच्या परिसरात एक कुटुंब तीन पिढ्यांपासून ब्लूबेरीची शेती करते आणि गेल्या काही वर्षांपासून त्याच शेतावर फळांची वाइन करून विकते. या शेताची ड्राय, म्हणजे गोडवा जवळपास नसलेली, ब्लूबेरी वाइन उत्कृष्ट आहे, फळे स्वतः तोडून नेण्याची सोय चांगली आहे आणि तिथल्या गोड बाटल्यांपैकी निम्म्या घेतल्या नाहीत तरी काही बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत कशामुळे झाले ते मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण इथली वाइन चांगली होण्याची कारणे वायनरीत कमी आणि शेतात जास्त सापडतात. कुटुंब लहान आहे, हंगामातल्या शनिवार-रविवारी येणारी गर्दी आवरतानाच त्यांची दमछाक होते आणि लेखात नाव छापू नये अशी त्यांनी विनंती केली. म्हणून नाव देत नाही. तरीही या भागात अशी शेते बरीच आहेत, आणि पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी त्यांपैकी कुठेही जाणाऱ्याच्या उपयोगी पडतील.

एडिसन किंवा प्रिन्स्टनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हॅमंटन साधारण दीड तासाच्या आत-बाहेर पडते. २०६ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की वस्ती विरळ होत जाते, पाइनचे जंगल लागते आणि तोच रस्ता थेट हॅमंटनला जाऊन संपतो. २०२२ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेचे, अधिवेशन अटलांटिक सिटीत भरले होते, तेव्हा फिलाडेल्फियाकडून एक्स्प्रेसवेने आलेली मंडळी या गावाच्या शेजारूनच पुढे गेली. हॅमंटन स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवून घेते आणि जूनच्या अखेरीस तिथे ब्लूबेरीचा उत्सवही भरतो. या भागाला पाइन बॅरन्स म्हणतात. जमीन वाळूची आणि आम्लधर्मी असल्यामुळे गहू, मका अशी पिके इथे धड येत नाहीत. सामू ४ ते ५ च्या दरम्यान असलेल्या ज्या मातीला बाकीचे शेतकरी नाक मुरडतात, तीच माती ब्लूबेरीला मानवते. पाण्याची पातळीही इथे फार खोल नसते, आणि ब्लूबेरीची मुळे उथळ व बारीक असल्यामुळे त्यांना तो ओलावा हवाच असतो.

या फळाची लागवड सुरू झाली तीही याच जंगलात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्लूबेरी हे रानातून वेचून आणायचे फळ होते, आणि त्याची शेती होत नाही असेच लोक समजत. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध करून या झुडपाला आम्लधर्मी माती लागते हे दाखवून दिले. ते वाचून व्हाइट्सबॉग येथील क्रॅनबेरीच्या मळ्याच्या मालकांची कन्या एलिझाबेथ व्हाइट यांनी कोव्हिल यांना आपल्या जमिनीवर काम करण्याचे निमंत्रण दिले. व्हाइट यांनी रानात हिंडणाऱ्या स्थानिक लोकांच्या हाती फळाचा आकार मोजायचे साधन दिले, एक इंचाच्या पाच-अष्टमांशाहून मोठी फळे धरणारे झुडूप दाखवणाऱ्याला मोबदला देऊ केला आणि ते झुडूप शोधणाऱ्याच्याच नावाने ओळखायचे ठरवले. निवडक झुडपांचे संकर करून १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. त्या रानझुडपांपैकी रूब लीक यांनी दाखवलेले झुडूप रुबेल या नावाने आजही टिकून आहे. हा सारा इतिहास सांगण्याचे कारण असे की, मी ज्या वाइनची शिफारस करत आहे तिचा मोठा भाग याच रुबेलच्या फळांचा आहे.

शेतावर रुबेलच्या थोड्याच ओळी आहेत आणि त्या आजोबांच्या काळातल्या आहेत. बाकीच्या क्षेत्रात ड्यूक, ब्लूक्रॉप आणि इलियट हे वाण आहेत; ड्यूक जूनच्या मध्याला सुरू होतो, ब्लूक्रॉप जुलैत जोरात असतो आणि इलियट हंगामाच्या शेवटी येतो. बाजारात मोठे, फिकट निळे, टणक फळ चालते, म्हणून रुबेलला तिथे कोणी विचारत नाही, कारण त्याचे फळ लहान, गडद आणि किंचित तुरट असते. वाइनसाठी मात्र हाच अवगुण गुण ठरतो. लागवडीच्या ब्लूबेरीचा गर आतून फिकट, हिरवट-पांढरा असतो. रंग आणि तुरटपणा जवळपास सगळा सालीत असतो. फळ जितके लहान तितका सालीचा वाटा जास्त, आणि साल जास्त म्हणजे वाइनला रंग व कणा जास्त. मालकीणबाईंनी ब्लूक्रॉप आणि रुबेलचे एकेक फळ नखाने उघडून माझ्या तळहातावर शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा हा फरक कोणत्याही स्पष्टीकरणावाचून कळला: ब्लूक्रॉपचा रस जवळपास पाण्यासारखा ओघळून गेला आणि रुबेलच्या सालीने बोटावर जांभळा डाग ठेवला, जो साबणानेही लगेच गेला नाही.

फळे स्वतः तोडायची असतील तर सकाळी लवकर जावे. ऊन चढले की फळ नरम पडते आणि माणूसही कंटाळतो. शेतावर प्रत्येकाला कमरेला बांधायची बादली देतात आणि कोणत्या ओळी तोडायला खुल्या आहेत ते फलकावर लिहिलेले असते. फळ निळे झाले म्हणजे पिकले असे नव्हे. देठाजवळ लालसर कडा दिसत असेल तर ते आणखी काही दिवस झाडावर राहायला हवे होते असे समजावे. पूर्ण पिकलेले फळ अंगठ्याने नुसते लोटले तरी हातात येते, ओढावे लागत नाही. फळावरचा पांढरट थर हे ताजेपणाचे लक्षण आहे, तो पुसू नये, आणि घरी नेल्यावर खायच्या वेळेपर्यंत फळे धुऊ नयेत. या सूचना शेतावरची मुलगी प्रत्येक नव्या गटाला न कंटाळता सांगते, लहान मुलांना तर प्रत्यक्ष तोडून दाखवते, याचे मला कौतुक वाटले. तोडलेल्या फळांचा पौंडामागचा दर दुकानापेक्षा कमी आहे आणि चव तुलनेपलीकडची आहे, कारण दुकानातले फळ प्रवास सोसावा म्हणून थोडे आधी तोडलेले असते. सावलीची सोय मात्र अपुरी आहे. ओळींच्या टोकाला एकच मांडव आहे, त्याखाली वडीलधाऱ्यांना बसायला मोजक्या खुर्च्या आहेत, आणि आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही उणीव नक्की जाणवेल.

आता वाइनकडे वळतो. द्राक्षाची वाइन आणि ब्लूबेरीची वाइन यांत पहिला मोठा फरक साखरेचा आहे. वाइनसाठी पिकवलेल्या द्राक्षाच्या रसात २० टक्क्यांहून अधिक साखर सहज असते. ब्लूबेरीत ती साधारण १० ते १४ टक्के भरते. दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो, म्हणजे नुसत्या ब्लूबेरीच्या रसातून सहा ते आठ टक्क्यांचेच पेय होईल आणि ते फार काळ टिकणार नाही. त्यामुळे आंबवण्यापूर्वी साखर घालावीच लागते आणि तशी ती घालण्यात काही गैर नाही. प्रश्न असतो तो ही साखर यीस्टने, म्हणजे साखरेचा मद्यार्क करणाऱ्या सूक्ष्म बुरशीने, पूर्ण खाऊन टाकेपर्यंत थांबायचे की नाही आणि शेवटी वरून आणखी साखर घालायची की नाही, याचा. या भागातल्या बऱ्याच फळवाइन गोड असतात, कारण सहलीला आलेल्या माणसाला गोड वाइन पहिल्या घोटातच आवडते आणि बाटली लगेच विकली जाते. या कुटुंबाने निदान एका वाइनपुरता तो मोह टाळला आहे, आणि हे मी त्यांचे सर्वांत मोठे काम मानतो.

त्यांची पद्धत त्यांनी मोकळेपणाने सांगितली. तोडलेली फळे आधी गोठवतात. गोठताना सालीच्या पेशी फुटतात आणि फळ वितळले की रंग व रस सहज सुटतो. शिवाय यामुळे जुलैच्या धांदलीत वाइन करायला बसावे लागत नाही; बाजाराची घाई संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर टाक्या भरता येतात. फळात पेक्टिन (जॅम घट्ट करणारे द्रव्य) भरपूर असल्यामुळे वाइन गढूळ राहू नये म्हणून पेक्टिन तोडणारे एन्झाइम घालतात. ब्लूबेरीत यीस्टला लागणारा नत्र कमी असतो, म्हणून आंबणे मध्येच रेंगाळते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर कुजट अंड्यासारखा वास धरते; त्यासाठी यीस्टला पोषक द्रव्ये टप्प्याटप्प्याने द्यावी लागतात. साली वर तरंगून जाड थर धरतात, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा. टाकीच्या तोंडाशी उभे राहून लाकडी दांड्याने तो थर दाबताना मी मालकांच्या मुलाला पाहिले. खालून फेस उसळून येत होता, रंग इतका गडद होता की काठावरचे थेंब काळे दिसत होते, आणि खोलीभर फळाचा व ताज्या पावाचा मिसळलेला वास भरून राहिला होता. यानंतर ड्राय वाइन जुन्या ओकच्या पिंपांत काही महिने मुरते. नवी पिंपे ते मुद्दाम वापरत नाहीत, कारण नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास फळाला झाकून टाकतो.

परिणाम असा: रंग गडद जांभळा, कडेला किंचित लालसर, वास आधी फळाचा, मग सुक्या पानांचा आणि थोडा मिरीचा, तोंडात गोडवा जवळपास नाही, आंबटपणा ताजा, आणि शेवटी जिभेच्या कडांवर जांभूळ खाल्ल्यावर राहतो तसा तुरटपणा. हा तुरटपणाच या वाइनला जेवणाबरोबर चालण्याजोगी करतो. ब्लूबेरीत सायट्रिक आम्ल प्रमुख असते, द्राक्षात टार्टारिक. त्यामुळे द्राक्षाच्या लाल वाइनची सवय असलेल्याला पहिल्या घोटाला आंबटपणा वेगळा, थोडा धारदार वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला तो जागच्या जागी बसतो. ही वाइन किंचित थंड करून प्यावी, एकदम गार करू नये, कारण गार केल्यावर फक्त आंबटपणा उरतो.

बाकीच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ब्लॅकबेरीची वाइन चांगली आहे पण तिच्यात गोडवा आणि मद्यार्क यांचा तोल प्रत्येक वर्षी सारखा लागत नाही. क्रॅनबेरीची वाइन शेजारच्या भागातून घेतलेल्या फळांची आहे. क्रॅनबेरी मुळातच इतकी आंबट आणि तुरट असते की तिला साखरेचा आधार द्यावाच लागतो, आणि तो इथे बेताने दिलेला आहे. आपल्याकडच्या अनेक घरांत आता क्रॅनबेरीचे लोणचे घातले जाते, त्यांना ही चव लगेच ओळखीची वाटेल. गोड ब्लूबेरी आणि रासबेरी या दोन बाटल्या मला अजिबात पटल्या नाहीत. त्यांत साखर इतकी आहे की फळ कोणते हे डोळे मिटून सांगता येणार नाही. गोड वाइन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून सॉर्बेट हे यीस्टची वाढ रोखणारे रसायन घालावे लागते, आणि रासबेरीच्या बाटलीत त्याची कृत्रिम छटा मला जाणवली. विक्री याच दोन बाटल्यांची सर्वाधिक होते, असे कुटुंबाने सांगितले. त्या विक्रीवर ड्राय वाइनचा खर्च निघतो हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या शेतात रुबेल आहे त्यांनी गोड बाटलीतसुद्धा फळाला थोडी अधिक जागा द्यावी, असे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे आणि इथेही लिहितो.

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वाइन नितळ करण्यासाठी जगभर जिलेटिन, माशाच्या पोटातील पिशवीपासून केलेले आयसिंग्लास किंवा अंड्याचा पांढरा बलक वापरण्याची पद्धत आहे, आणि बाटलीवर ते लिहिलेले असेलच असे नाही. या शेतावर त्यासाठी फक्त बेंटोनाइट नावाची माती वापरतात, असे विचारल्यावर समजले. हे त्यांनी लेबलवर ठळक लिहायला हवे, कारण विचारायला संकोचणारे लोक बरेच असतात आणि ते न घेताच परत जातात. अन्य कोणत्याही वायनरीत गेलात तरी हा प्रश्न अवश्य विचारावा.

चाखण्याची खोली म्हणजे पूर्वीची फळे निवडण्याची शेड आहे. लाकडी टेबले, उघडी दारे, समोर झुडपांच्या ओळी. जागा छान आहे. पण वाऱ्याची सोय कमी असल्यामुळे जुलैच्या दुपारी ग्लासातली वाइन कोमट होते आणि चांगल्या वाइनवर अन्याय होतो. २१ वर्षांखालील मुलांना वाइन मिळत नाही हे उघडच आहे. त्यांच्यासाठी ब्लूबेरीचा रस ठेवलेला असतो आणि तो ताजा व बिनसाखरेचा असतो. खाण्याच्या पदार्थांत चीज आणि बिस्किटे याखेरीज काही नाही. ड्राय बाटलीची किंमत २० ते ३० डॉलरच्या दरम्यान आहे. त्याच पैशांत दुकानात नामांकित द्राक्षवाइन मिळते, म्हणून काहींना ती महाग वाटेल. मला वाटली नाही, कारण या किमतीत काय काय सामावलेले आहे ते मी पाहिले.

एप्रिल-मे महिन्यांत फुलोरा आल्यावर रात्री तापमान गोठणबिंदूखाली जाऊ लागले की हे कुटुंब उठून तुषार सिंचन सुरू करते. फुलांवर पाणी गोठताना उष्णता सुटते आणि फूल वाचते. त्याच दिवसांत परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणाव्या लागतात. फळ धरले की पक्षी येतात. शिवाय २०११ पासून न्यू जर्सीत स्पॉटेड विंग ड्रॉसोफिला ही माशी आली आहे, जिची मादी सडक्या नव्हे तर पिकू घातलेल्या चांगल्या फळाला चीर पाडून आत अंडी घालते. हंगामाच्या शेवटच्या इलियटला तिचा सर्वाधिक त्रास होतो. हिवाळ्यात प्रत्येक झुडपाच्या जुन्या फांद्या हाताने छाटाव्या लागतात, नाहीतर पुढच्या वर्षी फळ बारीक येते. एवढे करून घाऊक बाजारात भाव पडलेला असेल, किंवा फळ थोडे नरम, आकाराने लहान निघाले, तर मोठ्या बागायतदारापुढे छोट्या शेतकऱ्याचा निभाव लागत नाही. चवीला उत्तम पण दिसायला दुय्यम असलेला हा माल गोठवून वाइनकडे वळवता येतो, म्हणूनच हे शेत अजून याच कुटुंबाच्या ताब्यात आहे. कुटुंबातल्या थोरल्या भावाने सगळा हिशोब मांडून दाखवला तेव्हा हे पुरेसे स्पष्ट झाले.

हे शक्य झाले ते कायदा बदलल्यामुळे. दारूबंदी उठल्यानंतर न्यू जर्सीत कित्येक दशके दर दहा लाख लोकसंख्येमागे एकाच वायनरीला परवाना मिळत असे. १९८१ च्या फार्म वायनरी कायद्याने ही अट काढली, आणि किमान ३ एकरांवर द्राक्षे किंवा अन्य फळे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःची वायनरी काढणे शक्य झाले. आपल्या महाराष्ट्रात स्ट्रॉबेरी, जांभूळ, करवंद पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांचा विचार करताना हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण तिथेही चवीला उत्तम पण डागी ठरलेला माल हंगामात मातीमोल भावाने जातो.

जेवणाबरोबर घ्यायची असेल तर ड्राय ब्लूबेरी वाइन मसालेदार पण बेताच्या तिखट पदार्थांबरोबर घ्यावी. भरली वांगी, मटकीची सुकी उसळ, काळ्या मसाल्याचे सुके मटण यांच्याबरोबर ती छान लागते. झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर मात्र घेऊ नये. तिखटाने तुरटपणा टोचू लागतो. तिथे क्रॅनबेरीची बाटली थंड करून ठेवावी. ड्राय ब्लूबेरी वाइन वर्षानुवर्षे साठवण्याची नाही. दोन-तीन वर्षांत फळाचा वास ओसरतो, म्हणून घेतलेली बाटली लवकर उघडावी, आणि उघडल्यावर उरलेली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस चांगली राहते.

फळे तोडण्यासाठी जायचे तर जुलैचा पहिला पंधरवडा निवडावा. तेव्हा ब्लूक्रॉप भरात असतो. वाइनसाठीच जायचे असेल तर ऑक्टोबर अधिक चांगला. गर्दी ओसरलेली असते, ब्लूबेरीची झुडपे लालभडक झालेली असतात, आसपासच्या क्रॅनबेरीच्या वाफ्यांत पाणी सोडून तोडणी चाललेली असते आणि टाक्यांजवळ उभे राहून शांतपणे प्रश्न विचारायला वेळ मिळतो. रुबेलची वाइन दर वर्षी थोडीच होते आणि बहुतेक वेळा वसंत ऋतूपर्यंत संपते. त्यामुळे जाण्यापूर्वी फोन करून ती शिल्लक आहे का, हे विचारून घ्यावे.